पुलापेक्षा धुकंच जास्त का काढलंय?

मागच्या अंकात मधल्या दोन पानांवर आपण क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं 'वॉटर्लू ब्रिज, ग्रे डे' हे चित्र छापलं होतं. लंडनमधला टेम्स नदीवरचा दगडी कमानींचा पूल, मागे कारखान्यांची धुराडी, आणि सगळं निळसर करड्या हवेत बुडालेलं. खाली दोन ओळींची माहिती दिली होती, बस्स तेवढीच. त्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंत इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या वेळचं सदर मी त्या एकाच चित्राला देऊन टाकतेय. पाककृती आणि बँकेच्या व्याजाचे प्रश्न पुढच्या महिन्यात नक्की घेते.

ताई, निपाणीत माझं किराणा दुकान आहे. अंक काउंटरवर उघडा ठेवला होता, येणारे-जाणारे बघून गेले. निम्मे लोक म्हणाले छपाई बिघडलीय. कमानी धड दिसत नाहीत, माणसं-गाड्या म्हणजे नुसते ठिपके. हे पूर्ण झालेलं चित्र आहे का अर्धवट सोडलंय? आणि मग एवढं नाव कशाला ओ त्याचं?
*– एक वाचक, निपाणी*

छपाई बरोबर आहे आणि चित्रही पूर्ण आहे. मी मूळ चित्र बघितलंय म्हणून खात्रीने सांगते. मुलगी अमेरिकेत होती तेव्हा तिच्याकडे गेले होते, तिने वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये नेलं, तिथे तिकीटसुद्धा लागत नाही, आणि एका दालनात वळलो तर समोर हेच. फार मोठं नाही, साधारण दोन फूट उंच आणि सव्वातीन फूट रुंद. मी सवयीने आधी जवळ गेले, आणि जवळून बघितलं तर पूल नाहीच! नुसते रंगाचे थर, वाळलेल्या थरावर परत कोरडा ब्रश ओढलेला, कुठे जाड गुठळी, कुठे खरवडल्यासारखं, आणि पुलावरच्या गाड्या म्हणजे नखाएवढे फटकारे. मग आठ-दहा पावलं मागे आले आणि पूल एकदम उभा राहिला, कमानींखालून पाणी सरकायला लागलं, वरच्या फटकाऱ्यांची वर्दळ झाली. मी तीन-चार वेळा पुढे-मागे केलं तरी दर वेळी तेच. तुमच्या काउंटरवर लोकांनी ते हातभर अंतरावरून, वाकून बघितलं असणार, तिथून ते जमणार नाही. पान काढून समोरच्या भिंतीला लावा आणि गल्ल्यावर बसून बघा.

आता अर्धवट का वाटतं ते. हा प्रश्न तुमच्या दुकानात पहिल्यांदा आला असं नाही हं. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, रन्वार, पिसारो वगैरे चित्रकार मंडळींनी सरकारी प्रदर्शनाची वाट सोडून स्वतःचं प्रदर्शन मांडलं, त्यात मोनेचं बंदरातल्या सकाळचं एक चित्र होतं, नाव 'इम्प्रेशन, सनराइज'. लुई लेरॉय नावाच्या समीक्षकाने लिहिलं की भिंतीला चिकटवायच्या कागदाचं कच्चं डिझाईनसुद्धा याच्यापेक्षा पूर्ण असतं. त्याने 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव टिंगल म्हणून वापरलं आणि पुढे तेच नाव या लोकांना कायमचं चिकटलं.

वॉटर्लू ब्रिजपर्यंत यायला मोनेला त्यानंतर पंचवीस वर्षं लागली. तो जवळजवळ साठीचा झाला होता, नाव झालं होतं, पैसा होता. १८९९ च्या शरद ऋतूत तो लंडनला सॅव्हॉय हॉटेलात उतरला, वरच्या मजल्यावरची नदीकडची खोली घेतली. खिडकीतून डावीकडे वॉटर्लू ब्रिज, उजवीकडे चेरिंग क्रॉसचा रेल्वेचा पूल. मग १९०० आणि १९०१ साली हिवाळा संपता-संपता परत गेला. आणि काय केलं, तर तोच पूल, त्याच खिडकीतून, परत परत काढला. एक कॅनव्हास सुरू केला की थोड्या वेळात प्रकाश बदलणार, मग तो बाजूला ठेवून दुसरा, मग तिसरा, आणि दुसऱ्या दिवशी तसाच प्रकाश आला की त्या ढिगातून नेमका तो कॅनव्हास शोधायचा. टेम्सची मिळून नव्वदच्या वर चित्रं झाली, त्यातली एकट्या वॉटर्लू ब्रिजची चाळीसच्या वर. सगळी तिथे पूर्ण झाली नाहीत, तो ती फ्रान्सला जिव्हर्नीच्या घरी घेऊन गेला आणि तिथे कित्येक महिने एकमेकांशेजारी ठेवून त्यांच्यावर काम करत बसला, म्हणून सुरुवात १९०० ची असली तरी बऱ्याच चित्रांवर तारीख १९०३ किंवा १९०४ अशी दिसते. १९०४ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये त्यातली ३७ चित्रं मांडली. म्हणजे ज्याला आपण अर्धवट म्हणतोय त्याच्यावर या माणसाने तीन-चार वर्षं घालवलीत.

आणि धुकं जास्त का, याचं उत्तर मला तरी असं वाटतं की त्याला पूल काढायचाच नव्हता. पूल आणि खिडकी यांच्यामध्ये जी हवा होती ती त्याला काढायची होती. हवा दिसत नाही, म्हणून ती कशावर तरी पडलेली दाखवावी लागते, त्यासाठी पूल. लंडनचं ते धुकं नुसतं पाण्याचं नव्हतं, घराघरातल्या शेगड्या आणि नदीपलीकडचे कारखाने यांच्या दगडी कोळशाचा धूर त्यात मिसळलेला असायचा, त्यामुळे ते कधी पिवळट, कधी जांभळं, कधी तपकिरी. मोने बायकोला रोज पत्र लिहायचा, त्यातल्या एका पत्रात आहे की एका रविवारी सकाळी उठून बघतो तर धुक्याचा मागमूस नाही, त्याचा जीव खाली-वर झाला, आता सगळे कॅनव्हास वाया जाणार असं वाटलं, आणि मग हळूहळू चुली पेटल्या, धूर वर आला, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

तुम्ही निपाणीचे म्हणून सांगते, डिसेंबरात सकाळी साडेसहाला यमगर्णीच्या पुलाजवळ थांबून वेदगंगेकडे बघा की. नदीवरून धुकं उठत असतं, ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो तो आधी नुसते दोन पिवळे डाग म्हणून, मग ट्रॉलीचा काळा ढीग, आणि पुलाचा कठडा तर मध्येच कुठेतरी गायब झालेला असतो. त्या वेळी तुम्हाला कठड्याचे दगड मोजता येतात का? तुम्ही जेवढं बघता तेवढंच मोनेने काढलं. पूल तिथे आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं आणि ते माहीत असलेलं आपण चित्रात शोधायला जातो, घोटाळा तिथे होतो.

एक गोष्ट जाता जाता. हा पूल १८१७ साली, नेपोलियन हरला त्या वॉटर्लूच्या लढाईला दोन वर्षं झाली त्या दिवशी खुला झाला, नऊ कमानींचा, ग्रॅनाईटचा. ती लढाई जिंकणारा वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, आणि तोच वेलस्ली १८०० साली बंडखोर धोंडिया वाघाच्या मागावर आपल्या मलप्रभेच्या काठी, मुनवळ्ळीपर्यंत आलेला होता. मोनेने काढलेला तो दगडी पूल आता नाही, १९३० च्या दशकात पाडून तिथे नवीन बांधला.

आम्ही वडगावचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मागाचं काम. चित्रात बघितलं तर दगडाच्या पुलाची सावली निळी-जांभळी काढलीय. सावली काळी असते की ओ! का मुद्दाम सुंदर दिसावी म्हणून?
*– एक वाचक, वडगाव, बेळगाव*

तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण याचं उत्तर एका विणकाम करणाऱ्या कारखान्यातूनच आलंय.

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा जुना सरकारी कारखाना आहे, भिंतीवर टांगायचे चित्रांचे गालिचे विणणारा. १८२४ पासून तिथल्या रंगखात्याचा प्रमुख होता मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ. तक्रार अशी आली की काळा धागा नीट रंगत नाही, विणल्यावर फिका दिसतो. त्याने रंग तपासला, दुसरीकडचा काळा धागा आणून ताडून बघितला, रंगात काहीच खोट नाही. मग लक्षात आलं की दोष धाग्यात नाही, शेजारच्या धाग्यात आहे. काळ्याला लागून निळा-जांभळा आला की डोळ्याला तो काळा मेलेला दिसतो. त्यावर काम करून त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ छापला की दोन रंग शेजारी आले की एकमेकांना बदलतात, आणि समोरासमोरचे रंग, म्हणजे निळा आणि नारिंगी, जांभळा आणि पिवळा, लाल आणि हिरवा, हे शेजारी आले की दोघंही पेटून उठतात.

हे तुम्हाला मी काय सांगणार. मोरपंखी अंगाला नारिंगी काठ घातला की लांबून साडी ओरडते, आणि तोच काठ तांबड्या अंगाला घातला की गप्प होतो, हे शहापूर-वडगावच्या आजींना शेव्हरलचं नाव न ऐकताही माहीत होतं. चित्रकारांनी तीच गोष्ट सावलीला लावली. ऊन पिवळट-नारिंगी असेल तर त्याच्याशेजारची सावली डोळ्याला निळी-जांभळी दिसते, शिवाय सावलीत सूर्य पोचत नसला तरी आकाश पोचतं, आणि आकाश निळं. उन्हात पांढरं धोतर वाळत घातलं की त्याच्या चुण्यांत बघा, तिथे काळं काहीच नसतं. म्हणून इम्प्रेशनिस्ट मंडळींनी सावलीसाठी ट्यूबमधला काळा जवळजवळ सोडूनच दिला. ट्यूबवरून आठवलं, ती पण नवीन होती, १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची पिळायची ट्यूब काढली, त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे आणि टोचून काढायचे. ट्यूब आली म्हणून रंग खिशात घालून नदीवर जाता आलं.

तर सुंदर दिसावं म्हणून खोटं काढलं असं नाही. निळं दिसत होतं म्हणून निळं काढलं.

माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याआधी त्यांना सगळं असंच धूसर दिसायचं. मोनेलाही मोतीबिंदू होता म्हणे. मग हे चित्र त्याचंच फळ तर नव्हे?
*– एक वाचक, चिकोडी*

नाही. मोतीबिंदू होता हे खरं, पण त्याचं निदान १९१२ साली झालं आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली, तो ८२ वर्षांचा असताना. लंडनची चित्रं त्याच्या कितीतरी आधीची. आणि २०२३ साली दोन शास्त्रज्ञांनी टर्नर हा जुना इंग्रज चित्रकार आणि मोने यांच्या चित्रांमधला धूसरपणा मोजून त्या काळातल्या हवेच्या प्रदूषणाशी ताडून बघितला, तर कोळशाचा धूर जसा वाढत गेला तशा चित्रांतल्या कडा पुसट होत गेल्या असं त्यांना दिसलं. डोळा चांगला होता, हवाच तशी होती. वडिलांना नमस्कार सांगा, आता त्यांना हे पान परत दाखवा आणि काय म्हणतात ते मला कळवा.

ताई, हे लिहू का नको असं करत आठ दिवस गेले. माझी मुलगी आठवीत आहे. चित्रकलेच्या परीक्षेत 'आमच्या गावातला पूल' असा विषय होता. तिने खानापूरचा मलप्रभेवरचा पूल काढला, पावसाळ्यातल्या सकाळचा, पूल निळसर आणि पाणी गुलाबी-करडं. दहापैकी तीन मार्क, आणि लाल पेनने लिहिलं 'आउटलाईन नाही, रंग चुकीचे'. त्या दिवसापासून तिने ब्रश हातात घेतलेला नाही. तुमच्या अंकातलं चित्र बघून मात्र ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, आई याला किती मार्क पडले असते?
*– एक आई, खानापूर तालुका*

हे पत्र मी दोनदा वाचलं. सोबत पाठवलेला तिच्या चित्राचा फोटोही मोबाईलवर मोठा करून बघितला. पहिल्यांदा तिला हे सांगा, की पुलाच्या पलीकडच्या टोकाला तिने निळा इतका पातळ केलाय की तिथे पूल आणि आभाळ एकच होतंय, ते फार चांगलं जमलंय. शिकवून ते येत नाही, ते बघितलेलं आहे. पाऊस थांबल्या-थांबल्या मलप्रभेवर अशीच हवा असते, मी कणकुंबीच्या बाजूला जाताना कितीदा बघितलीय.

मार्कांचं वाईट वाटलं. वर्गात पन्नास मुलं आणि तपासायला एक संध्याकाळ, सर किंवा बाई कोण असतील ते, त्यांना कमानी सरळ आल्या का, पट्टी नीट धरली का एवढंच बघायला वेळ मिळत असेल. तरीपण 'रंग चुकीचे' हे लिहायला नको होतं, यावर मी ठाम आहे. सकाळी सातच्या पुलाला दुपारी बाराचा रंग लावला असता तर तो चुकीचा.

पण तिला दुसरी बाजूही सांगा, कारण आठवीतल्या मुलीला नुसतं कौतुक करून सोडणं बरं नाही. तिच्या चित्रात डावीकडून दुसरी कमान पाण्यात नीट टेकत नाही, हवेत लटकलीय. धुक्यातसुद्धा पुलाला वजन असतं. मोनेच्या कमानी कितीही पुसट असल्या तरी लांब जाताना बरोबर लहान होत जातात, त्यांचं रेखाटन पक्कं आहे. तो स्वतः पंधरा-सोळा वर्षांचा असताना ल हाव्र गावात लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा, म्हणजे रेषा हातात आधीच होती, मग युजीन बुदँ नावाच्या चित्रकाराने त्याला उघड्यावर समुद्राकाठी नेऊन बसवलं आणि आभाळ बघायला शिकवलं. रेषा आधी आली, हवा नंतर. तेव्हा आउटलाईनचा राग धरायचा नाही, पेन्सिलने कमानी मोजून-मापून काढायच्या आणि मग रंगात त्या हव्या तिथे विरघळू द्यायच्या.

एक काम द्या तिला. पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे सहा तुकडे कापा. एकच जागा ठरवायची, समजा काठावरचं एक झाड, आणि रविवारी तिथूनच तोच पूल तीनदा काढायचा, सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला. प्रत्येकाला वीस मिनिटं, जास्त नाही, कारण वीस मिनिटांत ऊन हलतं. काळा रंग डबीतून काढून घरी ठेवायचा. पुढच्या रविवारी परत तीन. पाण्याजवळ जाताना सोबत कोणीतरी मोठं असू द्या, आणि पावसाळ्यात तर नदीत उतरायचं नाहीच. पुलावर माणसं काढायची असतील तर रन्वारची युक्ती वापरा. १८७२ साली तो पॅरिसच्या पाँ नफ या पुलाचं चित्र काढत वरच्या मजल्यावर बसला होता, माणसं भराभर चालत जायची, हाताला लागायची नाहीत, म्हणून त्याचा भाऊ एडमाँ खाली उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून किती वाजले असं विचारायचा, तेवढ्या क्षणात रन्वार त्यांना टिपून घ्यायचा. धाकटा भाऊ असेल तर त्याला हे काम फार आवडेल!

आणि बेळगावात निसर्गचित्राची परंपरा आहे हेही तिला माहीत असू दे. चित्रकार के. बी. कुलकर्णी इथेच राहून इथलीच माणसं आणि इथलाच उजेड काढत राहिले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले. हे सगळं लंडन-पॅरिसलाच होतं असं तिला वाटू देऊ नका.

तिच्या प्रश्नाचं उत्तर, त्या परीक्षेत मोनेला मला वाटतं तीनच पडले असते. सहाही कागद झाले की मला पाठवा, मार्क देणार नाही, पण प्रत्येकावर लिहून पाठवीन.

रेल्वेतून रिटायर झालो, कुडचीजवळ राहतो, कृष्णेवरचा रेल्वेचा पूल रोजच्या फिरण्यातला. ही मूळ चित्रं आहेत कुठे? भारतात येतात का कधी? आणि चोरीला गेली असं वाचलं ते खरं का?
*– एक वाचक, रायबाग तालुका*

वॉशिंग्टनचं सांगितलंच. शिवाय शिकागो, ओटावा, डब्लिन, सेंट पीटर्सबर्ग, सगळीकडे एकेक-दोन-दोन विखुरलीत, एका जागी कुठेच नाहीत. मोनेला ती लंडनमध्ये दाखवायची फार इच्छा होती, त्याच्या हयातीत जमलं नाही. २०२४ च्या सप्टेंबरात लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीने त्या मालिकेतली २१ चित्रं एकत्र आणून मांडली, सॅव्हॉय हॉटेलपासून चालत पाच मिनिटांवर.

चोरीचं खरं आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात रॉटरडॅमच्या एका प्रदर्शनातून सात चित्रं गेली, त्यात मोनेची दोन, एक वॉटर्लू ब्रिज आणि एक चेरिंग क्रॉस. चोर सापडले, एकाच्या आईने आधी सांगितलं की मी ती चुलीत जाळली, मग म्हणाली नाही जाळली. चित्रं अजून मिळालेली नाहीत. हे लिहितानासुद्धा पोटात कसंतरी होतं.

तिकडे जायला जमलं नाही तरी या संग्रहालयांच्या वेबसाईटवर मोठ्या आकाराचे फोटो फुकट बघायला मिळतात, नातवाला सांगा, तो काढून देईल, फक्त मोबाईलवर न बघता टीव्हीवर लावून खोलीच्या पलीकडच्या भिंतीला टेकून बघा. आणि तुम्ही रेल्वेतले, तर चेरिंग क्रॉसच्या चित्रांपासून सुरुवात करा, तिथे पुलावरून गाडी चाललेली आहे, गाडी दिसतच नाही, नुसता वाफेचा पांढरा पट्टा लांबत गेलेला. जानेवारीत कृष्णेवर धुकं असेल त्या दिवशी मिरजेकडची सकाळची गाडी पुलावर आली की मोबाईलवर एक फोटो काढून पाठवा, रुळापासून लांब, काठावर उभं राहून आणि झूम न करता. चांगला आला तर पुढच्या अंकात याच मधल्या पानावर छापते.